नोकरी सोडून डेटा सायन्सचा कोर्स: आधी हा हिशेब मांडा

प्रश्न: वय 29, एम.कॉम. इचलकरंजीत सूत व्यापाऱ्याकडे लेखापाल आहे, हातात 34,000 येतात. घरखर्च 26,000, शिल्लक 2,40,000. नोकरी सोडून सहा महिन्यांचा डेटा सायन्सचा कोर्स करू का? फी 3 लाख अधिक 18 टक्के जीएसटी. 14 टक्क्यांनी तीन वर्षांचं कर्ज मिळतंय.

उत्तर: शिका जरूर, पण नोकरी सोडू नका आणि हे कर्ज घेऊ नका.

जीएसटी धरून फी 3,54,000 होते. हप्ता साधारण 12,100. पगार बंद आणि हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू झाला, तर महिन्याला 38,100 लागतील. कोर्स संपेपर्यंत शिल्लकही जवळजवळ संपलेली असेल. परतफेड 4,35,500 आणि बुडालेला पगार 2,04,000 मिळून खर्च 6,40,000च्या घरात जातो. पुढे पुण्यात 50,000ची नोकरी लागली असं धरलं, तरी खोली, मेस, प्रवासाचे 14,000 वजा जाता आजच्यापेक्षा 2,000च जास्त उरतात. असं कर्ज बहुतेक वेळा क्लास देत नाही, वित्त कंपनी देते. कोर्स आवडला नाही म्हणून सोडला तरी हप्ता सुटत नाही, आणि थकला की कर्जफेडीची पत दाखवणारा सिबिल स्कोअर घसरतो.

तुमची खरी पुंजी जीएसटीचं ज्ञान आहे. नुसतं पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) येणारे पुष्कळ आहेत; इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, का अडकलं हे ओळखून त्याची तपासणी संगणकावर बसवणारे कमी. सुरुवात एक्सेलमधल्या पॉवर क्वेरीने, म्हणजे माहिती साफ करून जोडणाऱ्या साधनाने करा. दर महिन्याच्या 14 तारखेला जीएसटीआर-2बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून बनणारं इनपुट क्रेडिटचं विवरण, तयार होतं; ते टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या खरेदी नोंदींशी जुळवा. पुरवठादाराचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) आणि बिल क्रमांक जोडून प्रत्येक बिलाची एकच खूण करा. बिल क्रमांकाचा रकाना आधीच ‘टेक्स्ट’ ठेवा, नाहीतर एक्सेल ‘0045’चं 45 करतं, ‘3-24’ची तारीख करतं, आणि बरोबर असलेली बिलंही जुळत नाहीत. बिल क्रमांकातल्या तिरप्या रेघा आणि मोकळ्या जागा काढून टाका, रकमेत एक रुपयाचा फरक चालवून घ्या. हे जमलं की एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), मग पॉवर बीआय (आकडे तक्ते-आलेखांत मांडणारं सॉफ्टवेअर). ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन शिक्षण मंचावर शिकणं मोफत आहे, परीक्षा द्यायची तरच फी.

शिलकीतले 1,56,000, म्हणजे सहा महिन्यांचा घरखर्च, मुदत ठेवीत ठेवा. उरलेल्या 84,000 पैकी शिक्षणावर 30,000पेक्षा जास्त घालू नका. आठ-दहा महिन्यांत ही जुळणी मालकाला किंवा ओळखीच्या सीएला दाखवा आणि त्यावर पगारवाढ किंवा जोडकाम मागा.