वाळवंटी मुलूख आणि ओसाड खाणी बघायच्यात? कोल्हापूरहून केजीएफला जा

कोल्हापूरहून स्वतःची गाडी काढून वाळवंटासारखा मुलूख आणि बंद पडलेल्या खाणी दोन्ही बघायच्यात, पण राजस्थानला जाण्याइतकी रजा नाही, असं तुम्ही विचारलंय. मीही कोल्हापूरचाच. माझं उत्तर एकच: कोलार गोल्ड फील्ड्स, म्हणजेच केजीएफ, कर्नाटकातलं बंद पडलेल्या सोन्याच्या खाणींचं गाव.

निपाणी, बेळगाव, हुबळी करत बंगळूरपर्यंत सहाशे किलोमीटरच्या आसपास, तिथून पूर्वेला आणखी शंभरेक. धारवाडपुढं आपल्या उसाची हिरवाई मागं पडते आणि चित्रदुर्गाजवळ नुसते दगडी डोंगर नि पवनचक्क्या दिसतात. पहिला मुक्काम तिथंच करा, किल्लाही बघून होईल.

केजीएफमध्ये वाळवंट माणसानं तयार केलंय. खडक दळून, सायनाइडनं सोनं काढून घेतल्यावर उरलेली भुकटी शंभरेक वर्षं गावालगत टाकत गेले, त्याच्या टेकड्या झाल्या. तिथले लोक त्यांना ‘सायनाइड डम्प’ म्हणतात. ही माती नाही, त्यामुळं फारसं काही उगवत नाही. पावसानं कापलेल्या घळी मात्र बघत राहाव्यात अशा आहेत. चढू नका, वारा असेल तर जवळही थांबू नका. त्या धुळीत सायनाइडचे अंश आणि जड धातू असतात, आणि गावातले लोक तीच धूळ रोज श्वासात घेतात.

खाण बघायची म्हणजे शाफ्टवरचे, खाली उतरायच्या उभ्या विवरांवरचे, लोखंडी मनोरे बाहेरूनच बघायचे. आत विनापरवाना शिरू नका. इथल्या चॅम्पियन रीफ या खाणीची खोली तीन किलोमीटरहून जास्त, तळाशी खडकाचं तापमान साठ अंशांच्या पुढं. या खाणींसाठी १९०२ मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्र धबधब्याहून वीज आणली होती. मला सगळ्यात भारी वाटतं ते १९६५ सालचं काम: वरच्या खडकानं इतर वैश्विक किरण अडवले जावेत म्हणून दोन किलोमीटरहून खोल उपकरणं लावून टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर वातावरणातले न्यूट्रिनो, म्हणजे खडकातूनही सहज आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण, टिपले. जगातल्या अगदी पहिल्या नोंदींपैकी ही एक.

२००१ मध्ये खाणी बंद झाल्या, पंप थांबले, खाली पाणी भरलं. गाव मात्र ओसाड नाही. कामगारांच्या चाळी नांदत्या आहेत आणि कितीतरी लोक पहाटेच्या रेल्वेनं कामाला बंगळूरला जातात. त्यांच्या दारात विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका. निवृत्त खाणकामगार भेटले तर निवांत बसा. बहुतेक जण तमिळ बोलतात, मोडक्या हिंदीवर निभतं.

हिवाळ्यात जा, निदान चार दिवस हाताशी ठेवा. एवढी रजाही नसेल तर राधानगरी-शाहूवाडीकडच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळांवर, बॉक्साइटसाठी (अ‍ॅल्युमिनियमच्या खनिजासाठी) खणलेली जमीन रस्त्यावरून बघा. पाणी मुरवणारा जांभा काढून नेल्यावर सडा कसा दिसतो, ते आपल्याच जिल्ह्यात एका दिवसात कळेल.