कंबर बसते तर मांडीत अडकते. दुकानात नीट बसणारी पँट कशी निवडावी?

३६ घेतली तर मांडीत अडकते, ३८ घेतली तर कंबर ढगळ, असं तुम्ही लिहिलंय. वाचून आधी हसू आलं, मग आमचा दादा आठवला आणि डोकं फिरलं.

एका ओळीत उत्तर पाहिजे असेल तर मांडी आणि सीट (म्हणजे बुडाचा भाग) बघून पँट घ्या, कंबर अल्टर करून घ्या. पुढचं नाही वाचलं तरी चालेल. मी मात्र लिहिणार.

माझं माप ऐका. उंची पाच फूट पाच इंच, कंबर ३६, मांडी २६. शाळा-कॉलेजची सात वर्षं कोल्हापुरात पेठेतल्या तालमीत रोज पाचशे बैठका मारल्या. खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरायचं होतं. उतरलो नाही, बँकेत लागलो. कुस्ती सुटली, मांड्या राहिल्या. (पोटही आलंय, पण त्यात तालमीचा दोष नाही.)

काही वर्षांपूर्वी पुतणीचा साखरपुडा ठरला. दादानं फर्मान काढलं, घरातल्या सगळ्या पुरुषांनी एका रंगाच्या पँटी घ्यायच्या, फोटोत बरं दिसतं. आम्ही पाच जण महाद्वार रोडवरच्या एका दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोरानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि टेपला हातही न लावता ३६ची स्लिम फिट समोर टाकली. ‘स्ट्रेच आहे काका, आरामात बसतीय.’

बसली. म्हणजे ट्रायल रूममध्ये मी उभा होतो तोवर बसली. हुक लागला, चेन लागली. पण बाजूचे खिसे हत्तीच्या कानासारखे बाहेर आले आणि जांघेपासून दोन्हीकडं आडव्या सुरकुत्या पडल्या. ही दोन लक्षणं पाठ करून ठेवा. खिसे उघडे पडले की सीट कमी पडतीय, आणि सुरकुत्या पडल्या की मांडीला कापड पुरत नाही. ‘वापरून सैल होते’ म्हणणाऱ्या पोराचं ऐकू नका. स्ट्रेच कापड चार वेळा उठबस केल्यावर गुडघ्याला फुगतं, मांडीत होतं तिथंच राहतं. आणि सुती असेल तर धुतल्यावर उलट आटतं.

जिन्याखाली मशीन टाकून एक म्हातारे अल्टरवाले बसले होते. त्यांनी मला ती पँट उतरवायला लावली, उलटी केली आणि मांडीची शिवण बोटावर ताणून धरली. आत नखाएवढंच जादा कापड (त्यालाच माया म्हणतात), वर ओव्हरलॉक.

‘पाव्हणं, ह्यात माया कुठं हाय? मी कापड कुठनं आणू? ३८ घ्या, कंबर मागनं मारून देतो.’

पँट घेण्याबद्दल मला जे कळतं ते सगळं त्या दोन मिनिटांत कळलं. फॉर्मल पँटच्या मागच्या मधल्या शिवणीत माया सोडलेली असते, त्यामुळे कंबर इंचभर वाढवता येते, दीड-दोन इंच कमी करता येते. त्याहून जास्त मारली तर मागचे दोन खिसे एकमेकांना भेटायला येतात. मांडीला मात्र रेडीमेडवाले सहसा काहीच सोडत नाहीत. तिथं कमी पडली की कमीच.

एवढं ऐकून दादा म्हणाला, ‘३८? लेंगा घालणार आहेस का? ३६च घे. महिना आहे हातात, पोट कमी कर.’ पोटाचा आणि मांडीचा काय संबंध? पण पाच पँटींचं बिल तो देणार होता. गप्प बसलो.

साखरपुड्याला मुलाकडच्यांच्या हौसेखातर खाली पाटावर पंगत. मुलीचा काका म्हणून मला व्याह्यांच्या शेजारी बसायचं होतं. एक गुडघा वाकवला आणि मागं काहीतरी कुरकुरलं. तसाच सरळ उभा राहिलो. ‘तुम्ही बसा, मी मागनं बसतो.’ तीन वेळा आग्रह झाला, तीन वेळा हेच. मुलाचे मामा दुसरा पाट घेऊन आले, त्यांनाही हेच. मग कोपऱ्यात कुजबूज सुरू झाली की मुलीचे काका रुसलेत, मानपानात काहीतरी राहिलंय. शेवटी व्याही स्वतः उठून आले आणि माझ्या हातात टॉवेल, टोपी आणि नारळ ठेवला. काय करणार, घेतला.

तेव्हापासून प्रत्येक कार्यात दादा चार माणसांत सांगतो, ‘ह्यानं रुसून टोपी वसूल केली.’ मी रुसलो नव्हतो. मला बसता येत नव्हतं. आज जाहीरपणे लिहितोय.

तर तुम्ही काय करायचं? घरातली सगळ्यात आवडती पँट जमिनीवर पसरा, जांघेच्या शिवणीखाली मांडीची रुंदी टेपनं मोजा आणि तो आकडा घेऊन दुकानात जा. लेबलावरच्या ३६वर जाऊ नका, एका कंपनीची ३६ दुसऱ्या कंपनीची ३७ भरते. आपल्याकडं भारतीय अंगाचा स्वतःचा मापांचा तक्ताच नव्हता, म्हणून निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेनं सहा शहरांत २५,००० जणांची मापं थ्रीडी स्कॅनरनं घ्यायचं काम हाती घेतलं. दादाला हे दाखवलं तर म्हणाला, ‘त्यात तुला घेतलं नसलं म्हणजे बरं.’

ट्रायल रूममध्ये खिशात पाकीट आणि मोबाइल ठेवून मांडी घालून खाली बसा. लाजू नका. मी आता दुकानातच बसतो, काउंटरसमोर, पोरं हसतात. लांबी मात्र बूट घालून मोजायची आणि खालची दुमड दीड-दोन इंच ठेवायला सांगायची.

आणि अल्टरवाल्याशी आधी बोला, सेल्समनशी नंतर. तो कमिशनवर नसतो.

हे सगळं फॉर्मल पँटबद्दल. जीन्सच्या कंबरेला मागं माया नसते, तिथं कंबर मारायची म्हणजे पट्टी उसवून काढायची, ते काम सगळ्यांना जमत नाही. तुम्ही सडपातळ असाल तर माझं निम्मं उत्तर तुम्हाला लागू नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. आणि कंबरेच्या मानानं मांडी माझ्यापेक्षाही जाड असेल तर रेडीमेडचा नाद सोडा, सव्वा मीटर कापड घेऊन शिंप्याकडं जा. माझ्या उंचीला तेवढं पुरतं.

दादा हे वाचणार, पुतणी त्याला पाठवणारच. म्हणून एक हिशोब राहिलाय तो लिहितो. त्या दिवशी मी भिंतीला टेकून उभ्यानं जेवलो आणि मठ्ठ्याबरोबर चार जिलेब्या खाल्ल्या. रुसलेला माणूस चार जिलेब्या खातो का?