हायजिया दिसत नाही? आधी अ‍ॅपमधला डेटा किती जुना आहे ते बघा

तुमची पोस्ट वाचून २०१३ चा सप्टेंबर आठवला. तुम्ही म्हणताय हायजिया ताऱ्यांच्या नकाशाच्या अ‍ॅपमध्ये दिसतो, ६ इंची डॉबमध्ये (डॉब्सोनियन, साध्या स्टँडवरची आरशाची दुर्बीण) नाही, आणि तो कार्बनवाला काळा लघुग्रह आहे म्हणून वेगळा फिल्टर घ्यावा का. नका घेऊ. अ‍ॅपमधल्या मॅग्निट्यूडमध्ये (तेजाचा आकडा, जितका लहान तितकं तेजस्वी) त्याचा काळेपणा आधीच धरलेला असतो, आणि १० च्या आसपासचा ठिपका ६ इंचीत दिसतोच, आकाश बरं असेल तर.

माझं लफडं बाम्बेर्गाचं (३२४ नंबरचा). हाही तसलाच, पडलेल्या उजेडातला जेमतेम ६ टक्के परत टाकतो. पण कक्षा इतकी लांबट की अधूनमधून पृथ्वीच्या बराच जवळ येतो आणि मग मॅग्निट्यूड ८ पर्यंत जातो, हायजिया फार तर ९ पर्यंत. तशी प्रतियुती (पृथ्वीवरून तो सूर्याच्या विरुद्ध दिशेला येणं) २२ वर्षांनी एकदा, आधीची १९९१, मग १३ सप्टेंबर २०१३. आपल्याकडे सप्टेंबर म्हणजे ढग, त्यात गणपतीचे दिवस, दोनच रात्री मोकळ्या मिळाल्या. पहिल्या रात्री लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरने सांगितलेल्या जागी ठिपका दिसला, मी खुश, वहीत वेळ लिहिली, घरच्यांना उठवून दाखवला, दुसऱ्या रात्री आरतीनंतर गप्पा मारत बसलो. वर्षभराने वही काढून ताऱ्यांच्या नकाशाशी ताडून पाहिलं तर तो साधा तारा. त्या सॉफ्टवेअरमधले कक्षेचे आकडे कित्येक वर्षं जुने होते, गुरूच्या ओढीने कक्षा हळूहळू सरकत राहते आणि जुने आकडे धरले की जागा चुकत जाते, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. दुकानदाराला विचारलं होतं, तो म्हणाला "सर, मोठी दुर्बीण घ्या". आता पुढची तशी संधी २०३५ ला, तेव्हाही सप्टेंबरच.

म्हणून माझं मत (मी हौशी माणूस, जाणकारांनी चूक असेल तर सांगा): मायनर प्लॅनेट सेंटरवरून (लघुग्रहांच्या कक्षांची नोंद ठेवणारी संस्था) कक्षेचे ताजे आकडे घ्या, अ‍ॅपमध्ये अपडेटचं बटण असतं पण ते आपोआप होईल या भरवशावर राहू नका. आणि एका रात्रीत "दिसला" म्हणूच नका. आयपीसमधले (डोळा लावायचं भिंग) सगळे ठिपके कागदावर काढा, वाकडेतिकडे चालतील, दुसऱ्या रात्री परत तेच. जो हलला तो तुमचा. डॉबमध्ये चित्र उलटं दिसतं तेव्हा नकाशाही उलटा धरा, मी यातच तासभर घालवलेला आहे.

जाता जाता, असल्याच काळ्या मॅथिल्डे लघुग्रहाजवळून १९९७ मध्ये नासाचं निअर यान गेलं, तिथल्या विवरांना जगभरच्या कोळसाखाणींच्या प्रदेशांची नावं दिलीत, त्यात एक आपलं दामोदर आहे. दुर्बिणीतून ते दिसणार नाही, पण मुलांना सांगायला बरं.

तुमच्या अ‍ॅपमधल्या आकड्यांची तारीख (इपॉक) काय आहे तेवढं बघून इथे टाका, मग पुढचं बोलू.