शिफारशीत स्तुती कुठून आली?

मुलुंडच्या एका वाचकांनी विचारले आहे: मुलीला एमएससाठी अमेरिका आणि इंग्लंड, दोन्हीकडे अर्ज करायचे आहेत. कॉलेजातल्या सरांना मराठीतून विनंती करताना 'शिफारसपत्र' लिहावे की 'संस्तुतिपत्र'? 'शिफारस' म्हटले की वशिला लावल्यासारखे वाटते, असे त्यांना कोणी तरी सांगितले आहे. शिवाय, शिफारसपत्र की शिफारशीपत्र?

शिफारसपत्रच. 'संस्तुती' हा हिंदी कचेऱ्यांतला शब्द हल्ली मराठीत घुसवला जातो आणि दर वेळी कानाला टोचतो. वेतन आयोगाच्या शिफारशी येतात; संस्तुती आल्याचे कोणी ऐकले आहे का? वशिला तर अरबी 'वसीला', म्हणजे साधन. शिफारशीशी त्याचे काही नाते नाही.

नाते आहे ते 'सुपूर्द'शी! बहुतेक कोश 'फारसी' एवढा शिक्का मारून पुढे सरकतात आणि सगळ्यात सुंदर गोष्ट सांगायची राहून जाते. फारसीत 'सिपुर्दन' म्हणजे सोपवणे, हवाली करणे. त्याच्या भूतकाळी रूपातून आपले 'सुपूर्द' आले. वर्तमानकाळी 'सिपार' या अंगाला 'इश' लागून 'सिपारिश', पुढे 'सिफारिश' झाले. मालिश, फर्माईश हीसुद्धा त्याच 'इश'ची रूपे. म्हणजे शिफारस आणि सुपूर्द ही सख्खी भावंडे.

सिफारिशची शिफारस होताना स आणि श यांनी जागा बदलल्या, असे सांगून काही जाणकार विषय मिटवतात. मला ते साफ अमान्य आहे. हे दोन वेगळे बदल आहेत आणि दोन्हींना साक्षीदार आहेत. आरंभीच्या 'सि'चा 'शि' होतो: सिपाहीचा शिपाई, सिक्क्याचा शिक्का. शेवटच्या 'श'चा 'स' होतो: शाबाशचे शाबास, बख्शिशचे बक्षीस. त्यात बख्शिशही 'इश'वालीच! पुढे ई आली की श परत येतो, म्हशीत येतो तसाच: शिफारस, शिफारशी.

आणि इंग्रजी 'रेकमेंड'? त्याच्या पोटात लॅटिन 'मांदारे' आहे, म्हणजे सोपवणे, आणि त्या 'मांदारे'त 'मानुस', म्हणजे हात. तिकडे लॅटिन, इकडे फारसी, दोघींनाही एकच सुचले: हे माणूस मी तुमच्या हाती देतो आहे. 'संस्तुती'त मात्र 'स्तु' धातू, म्हणजे नुसती स्तुती. आपल्याकडची पत्रे परदेशात कमी पडतात ती याच समजुतीमुळे, असे माझे ठाम मत आहे.

मुंबईतल्या कॉलेजांत फिरणारा मसुदा पाहा: 'सदर विद्यार्थिनी हुशार, नम्र, मेहनती व आज्ञाधारक असून तिची वर्तणूक उत्तम आहे.' पुष्कळदा हा मसुदा विद्यार्थ्यानेच टाइप केलेला असतो, सर लेटरहेडवर सही करतात. 'आज्ञाधारक' हे आपल्याकडे भूषण. अमेरिकेत वाचणाऱ्याला त्यातून एवढेच कळते की सांगितले ते केले, स्वतःचे काही सुचले नाही. तिथे उत्साहाने लिहितात, पण प्रसंग देऊन: प्रयोगाचे आकडे जुळेनात तेव्हा तिने उपकरण पुन्हा तपासले, चूक कुठे होती ते दाखवले, आणि मी शिकवलेल्यांत ती कितव्या रांगेत बसते. ब्रिटिश प्राध्यापक शब्द मोजून वापरतो, तिथे अमेरिकी थाटाची विशेषणे भडक वाटतात आणि एखादी उणीव नोंदवलेली चालते. एकच पत्र दोन्हीकडे पाठवू नये ते यासाठी.

सोपवणाऱ्यावर जबाबदारी येते, म्हणून पत्र विद्यार्थ्याच्या हातून जात नाही. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने विद्यापीठात दाखल झालेल्या विद्यार्थ्याला आपल्या नोंदी पाहण्याचा हक्क दिला, पण अर्ज करतानाच शिफारसपत्र पाहण्याचा हक्क सोडता येतो आणि बहुतेक जण तो सोडतात. प्राध्यापक पत्र थेट पोर्टलवर चढवतात. विद्यार्थ्याने स्वतःच लिहिलेल्या पत्रात सोपवणारा कोण आणि सोपवलेला कोण?

शिफारशीपत्र नको. जोडून 'शिफारसपत्र', सोडवून 'शिफारशीचे पत्र'. आणि मुलीला सांगा, सरांकडे जाताना तयार मसुद्याऐवजी प्रकल्पाचा अहवाल घेऊन जा.