लेकीची वही आधी नीट वाचा

पत्र : मुलीने बारावीनंतर दोनदा मेडिकल प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा दिली. दुसऱ्या वेळी ४१० मार्क पडले. आणखी एक वर्ष ड्रॉप घे म्हटलं तर नाही म्हणते. तिला बेडकांवर काम करायचंय! पावसाळ्यात गावी गेली की चुलत्याला घेऊन रात्री सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर जाते, वह्या भरते. तुम्हाला कल्पना यावी म्हणून दोन पानं सोबत पाठवतोय. माझ्या मेव्हण्याच्या मुलाचा नंबर पहिल्याच वर्षी लागला. हिला जंगलाची एवढी हौस असेल तर निदान फॉरेस्ट ऑफिसर तरी व्हावं, नोकरी पक्की आणि छंदही सांभाळता येईल. कोणती परीक्षा द्यावी ते कळवा आणि तिला दोन शब्द समजावून सांगा. फीची काळजी नाही. आंबोलीजवळ वडिलोपार्जित सडा आहे, तिथे काही पिकत नाही, खाणवाले मागताहेत.
– एक वडील, कोल्हापूर जिल्हा

नमस्कार,

४१० मार्कांची मला काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती तुम्ही मुलीच्या वहीची पानं आरोपपत्राला पुरावे जोडावेत तशी जोडून पाठवलीत याची. ती तुम्ही स्वतः वाचली आहेत असं पत्रावरून वाटत नाही. मी वाचली.

पहिल्या पानावर एकाच डबक्याच्या तीन दिवसांच्या नोंदी आहेत. पाऊस कधी थांबला, पाणी किती बोटं खोल होतं, किती नर ओरडत होते, अंडी कुठे दिसली. तिसऱ्या दिवशी लिहिलंय, ‘उघडीप. डबकं आटलं. अंडी वाळली.’ दुसऱ्या पानावर एका आवाजाचं वर्णन आहे आणि पुढे, ‘कोणाचा आहे ओळखता आलं नाही. मोबाइलवर घेतलाय. पुन्हा ऐकायचा.’ जे कळलं नाही ते कळलं नाही असं लिहून ठेवणं एम.एस्सी.च्या मुलांनाही शिकवावं लागतं, आणि काहींना तेव्हाही जमत नाही. तुमच्या मुलीला ते कोणी न शिकवता जमलंय.

आता नीटबद्दल. तिसरा प्रयत्न तिला हवा असता तर मी त्याच्या वेळापत्रकावर बोललो असतो. तो तिला नकोय, तुम्हाला हवाय, आणि तुमच्या पत्रातला मेव्हण्यांचा उल्लेख पाहता तुमच्यापेक्षाही नातेवाइकांसाठी हवाय. स्पष्ट लिहितो, राग मानू नका. एकविशीकडे निघालेली मुलगी नको असलेल्या परीक्षेसाठी तिसरं वर्ष खोलीत बसली तर मार्क थोडेफार वाढतीलही, पण तुमच्याशी मोकळेपणाने बोलणं ती बंद करेल. अशी घरं मी पाहिली आहेत. तिथे मुलं चिडून उत्तर देत नाहीत, नुसती ‘हो’ म्हणायला लागतात. तुमची लेक अजून ‘नाही’ म्हणते आहे, त्याबद्दल मला तरी बरं वाटलं.

तिला समजावण्याचं काम मी घेत नाही. ती वाट चुकलेली नाही, तर समजवायचं काय?

एक गैरसमज मात्र दूर करायलाच हवा, कारण तो बहुतेक पालकांचा असतो. फॉरेस्ट ऑफिसर झालं की जंगलात राहून प्राण्यांचा अभ्यास करता येतो, असं तुम्ही धरून चालला आहात. वनअधिकाऱ्याचं काम मुळात प्रशासनाचं. चोरटी तोड आणि शिकार पकडायची, गुन्हा नोंदवून कोर्टात टिकेल असे कागद करायचे, रोपवन आणि मजुरीची बिलं तपासायची, वणवे आटोक्यात ठेवायचे, गव्यांनी ऊस तुडवला की पंचनामा करून नुकसानभरपाईचा प्रस्ताव पाठवायचा, चिडलेल्या गावासमोर उभं राहायचं. हे काम फार मोलाचं आहे. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तो अशाच माणसांच्या जिवावर चालतो. पण चांगल्या वनअधिकाऱ्याला लागतो तो माणसं आणि कायदा हाताळण्याचा पिंड. रात्री डबक्याकाठी तास-दोन तास बसण्याचा पिंड वेगळा. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, पण सरकारी पगारात छंद फुकट पदरात पडेल असा हिशेब करून त्या परीक्षेच्या मागे लागू नका.

तरीही विचारलंय म्हणून सांगतो. पदवीनंतर यूपीएससीची भारतीय वनसेवा, एमपीएससीतून सहायक वनसंरक्षक किंवा वनक्षेत्रपाल. वनशास्त्राची पदवीच हवी असेल तर दापोलीला मिळते. एवढं पुरे.

तिच्या कामाची वाट साधी आहे, झटपट नाही. आत्ता प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करायची. कोल्हापुरात राहूनही चालेल. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने सह्याद्रीच्या वनस्पतींवर मोठं काम केलंय, ते तिच्या दाराशी आहे. पुढे एम.एस्सी.साठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळूरचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र (एनसीबीएस) ही दोन नावं लक्षात ठेवा. जागा मोजक्या आणि स्पर्धा देशभराची. तिथे तिच्या या वह्यांना किंमत असेल.

पैशाचं विचारायचं तुम्हाला अवघड वाटलं असावं, म्हणून मीच सांगतो. सुरुवातीची काही वर्षं प्रकल्पावरची कंत्राटी कामं मिळतात, पगार बेताचा असतो आणि प्रकल्प संपला की नवा शोधावा लागतो. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची कनिष्ठ शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये विद्यावेतन आहे. डॉक्टरच्या मिळकतीशी बरोबरी करायला गेलात तर हरलात. पण ज्या माणसाला डॉक्टर व्हायचंच नाही त्याच्या काल्पनिक मिळकतीशी तुलना करून करायचं काय?

आता तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य. त्यावर सल्ला मागितला नव्हतात, पण ते वाचून मी थांबलो.

सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य, असं लिहिलेला जांभ्या दगडाचा सडा मे महिन्यात बघितला तर तुमचं म्हणणं कोणालाही पटेल. नुसता काळा कातळ, गवताची काडीही वाळलेली. पावसाळ्यात तिथे बोटभर मातीत गेंद उगवतो, सीतेची आसवं उगवतात. मातीत कस नाही म्हणून ही सीतेची आसवं बारीक जीव पकडून खातात. कातळातल्या खळग्यांत पाणी साचलं की बेडूक अंडी घालतात आणि उघडीप पडायच्या आत पिल्लांना बाहेर पडावं लागतं. ज्या कासला लोक गाड्या भरभरून फुलं बघायला जातात तोही असाच सडा आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारशात गेल्या, त्यात महाराष्ट्रातल्या चार आहेत आणि कास त्यांपैकी एक.

तुमच्या गावाजवळचंच सांगायचं तर, आंबोलीत सापडणाऱ्या एका भेकाला शास्त्रीय नाव मिळालं २००९ मध्ये. अतिशय धोक्यात असलेला हा जीव आंबोली परिसराचाच रहिवासी आहे. हिरण्यकेशीच्या देवळाजवळच्या कुंडातला छोटा मासा विज्ञानाला २०२० मध्ये कळला आणि २०२१ मध्ये शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. देवळात येणाऱ्या लोकांच्या पायाशी तो पोहत होता. तुमच्या सड्यावर असंच काही निघेल असं मी म्हणत नाही. तिथे काय आहे हे आजवर बहुधा एकाच माणसाने लिहून ठेवलंय, आणि ती दोन पानं तुम्ही मला पाठवलीत.

जमीन तुमची, निर्णय तुमचा. पण व्यवहार नीट बघा. ज्या फीसाठी सडा विकताय ती फी मुलीला नकोय, आणि तिला जे हवंय ते त्याच सड्यावर आहे. खाणवाला वरचा जांभाच कापून नेतो. तो कातळ बनायला लाखो वर्षं लागतात, त्यावर माती टाकून झाडं लावली तरी सडा परत येत नाही. शिवाय केंद्राने जुलै २०२४ मध्ये पश्चिम घाटातल्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा पुन्हा काढलाय, त्यात खाणींवर बंदी प्रस्तावित आहे. इसार घेण्याआधी आपलं गाव त्या यादीत आहे का, एवढं तरी पाहून घ्या. हे निव्वळ पैशाच्या दृष्टीनेही शहाणपणाचं आहे.

लेकीलाही दोन गोष्टी सांगा, कौतुकाच्या नाहीत. नुसत्या प्राणिप्रेमावर या क्षेत्रात कोणी टिकत नाही. संख्याशास्त्र शिकावंच लागतं, आणि बारावीला गणित नसेल तर पहिल्या वर्षापासून भरून काढावं लागेल. जीव पकडून डब्यात घरी आणायचे नाहीत, परवानगीशिवाय ते चालत नाही; फोटो, आवाज आणि नोंद पुरे. ओळख पटली नसेल तर समाजमाध्यमांवर ‘नवी जात’ म्हणून टाकायची घाई करू नये.

आणि गावच्या ग्रामपंचायतीत जाऊन एक विचारणा करा. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे तिथे जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि लोक जैवविविधता नोंदवहीही. पुष्कळ ठिकाणी ती कागदापुरतीच असते. सड्याचं पान कोरं असेल तर सरपंचांना सांगून ते भरायचं काम तुमच्या मुलीला मिळवून द्या. ग्रामसेवकांकडे तिच्यासोबत तुम्हीही जा, मेव्हण्यांना कळवायची गरज नाही. बी.एस्सी.च्या प्रवेशाची तारीख मात्र आजच बघून घ्या, ती या सगळ्याच्या आधी येईल.