वाचकांच्या बैठकीत वाइन ठेवायची तर पुस्तक कुठलं आणि बाटली कुठली?

तुम्ही विचारलंय की सोसायटीतल्या सहा-सात वाचणाऱ्या लोकांनी महिन्यातून एका शनिवारी कुणाच्यातरी घरी जमायचं, थोडी वाइन घ्यायची आणि आवडत्या पुस्तकांवर बोलायचं असं ठरवलंय, तर पुस्तकं कशी निवडायची, वाइन कुठली आणायची आणि हे सगळं तीन महिन्यांत बंद पडू नये म्हणून काय करायचं. मी नाशिकची, असल्या बैठकांमध्ये बरीच वर्षं बसतेय, तेव्हा जरा लांबलचक लिहिते, सांभाळून घ्या.

माझं मत एका ओळीत सांगायचं तर पुस्तक भांडण लावणारं आणा आणि वाइन भांडण न लावणारी. बहुतेक ग्रुप नेमकं उलटं करतात. सगळ्यांना आवडणारं, सगळ्यांनी शाळेपासून वाचलेलं पुस्तक निवडतात, मग प्रत्येकजण 'काय लिहिलंय हो' म्हणतो, दहा मिनिटांत विषय संपतो, आणि उरलेले दोन तास कुणीतरी मोबाइलवर वाइनचं रेटिंग वाचून दाखवतो आणि दुसरा त्याला इटलीच्या ट्रिपमध्ये काय प्यायलो ते सांगतो. पु.ल. मला प्राणप्रिय आहेत पण बटाट्याची चाळ घेऊन चर्चा होत नाही, फक्त एकमेकांना वाक्यं म्हणून दाखवली जातात (तेही छानच असतं, पण त्याला बैठक कशाला, गाडीतून जाताना पण होतं).

पहिल्या महिन्यासाठी मी डोळे झाकून विश्राम बेडेकरांचं रणांगण सुचवते. १९३९ चं पुस्तक, बारीकसं, नोकरी-घर सांभाळणारा माणूसही आठवड्यात वाचून काढतो, म्हणजे 'वेळच नाही मिळाला हो' ही सबब पहिल्याच झटक्यात बाद. युरोपातून निघालेली बोट, युद्ध तोंडावर आलेलं, बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून निसटलेली ज्यू माणसं, आणि त्यात आपला मराठी नायक चक्रधर आणि त्याच्या प्रेमात पडलेली ज्यू मुलगी हॅर्टा. शेवट सांगत नाही. पण चक्रधर भेकड आहे की प्रामाणिक आहे यावरून आमच्याकडे एकदा एवढं वाजलं की यजमानांची मुलगी आतल्या खोलीतून बघायला आली. बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला अशी वाटणी होईल असं मला आधी वाटलेलं, तसं अजिबात झालं नाही, उलट सगळ्यात जास्त चिडले ते एक सत्तरीतले रिटायर्ड काका.

भालचंद्र नेमाड्यांची कोसला ही कादंबरी नंतर घ्या, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, लोक एकमेकांना ओळखायला लागले की. १९६३ ला आलं तेव्हा नेमाडे स्वतः पंचविशीचे होते आणि ते पुस्तक वाचताना तुम्ही किती वर्षांचे होतात यावर तुमचं मत ठरतं असा माझा अनुभव आहे. हॉस्टेलवर असताना ज्यांनी वाचलं ते त्यावर एक शब्द ऐकून घेत नाहीत, आणि ज्यांनी चाळिशीनंतर पहिल्यांदा हातात घेतलं ते विचारतात की हा कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर वडलांच्या पैशावर पुण्यात नक्की करतोय काय. दोघांचंही बरोबर असतं. आणि इथे मला वाइनचा खरा उपयोग दिसतो, कारण 'मला कोसला आवडलं नाही' हे वाक्य मराठी वाचकाच्या तोंडून चहावर निघत नाही, लोक आपल्याला बावळट समजतील या भीतीने तो आधी वातावरण बघतो, आणि अर्धा ग्लास झाल्यावर हळूच सांगतो की बाबा मी तिसाव्या पानावर सोडलं. लगेच अजून दोघं म्हणतात, मी पण! बैठक तिथून सुरू होते. पण तो अर्धा ग्लास. अडीच ग्लासांनंतर कुणीच कुणाचं ऐकत नाही, सगळे बोलतात.

लक्ष्मीबाई टिळकांचं स्मृतिचित्रे हे आत्मचरित्र माझं सगळ्यात लाडकं, त्यामुळे पक्षपाती आहे, पण असल्या बैठकीसाठी ते फार चांगलं चालतं. लक्ष्मीबाईंचं माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचं, त्यामुळे इथे आम्हाला ते घरचंच वाटतं. वाचताना हसून पुरेवाट होते, आणि मग कुणीतरी विचारतं की अहो पण हा नवरा, रेव्हरंड टिळक, मोठा कवी, सगळं मान्य, पण न सांगता घरातून निघून जाणारा, १८९५ ला धर्मांतर करून बायकोला मागे टाकणारा, त्याच्याबद्दल ही बाई इतक्या प्रेमाने कशी लिहिते? हे प्रेम आहे की सवय? एवढ्या एका प्रश्नावर आमची एक अख्खी संध्याकाळ गेली आणि त्यात दोन जोडप्यांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

श्री. ना. पेंडशांची तुंबाडचे खोत ही कादंबरी घेऊ नका. वाईट म्हणून नाही, दोन जाडजूड खंड आहेत, महिन्यात होत नाहीत, मग निम्मे लोक न वाचता येतात आणि न वाचलेला माणूस वाइनवर जास्त बोलतो. मे महिन्याच्या सुट्टीला ठेवा. जी.ए. कुलकर्णी घ्यायचे तर काजळमाया हा अख्खा कथासंग्रह नको, एकच कथा, आणि ती तिथे बसून कुणीतरी मोठ्याने वाचायची. नंतर थोडा वेळ कुणी बोलणार नाही, घाबरू नका, तसंच असतं.

एक गोष्ट जरा स्पष्ट सांगते. दया पवारांचं बलुतं (१९७८) किंवा लक्ष्मण गायकवाडांचं उचल्या यांसारखी दलित आणि भटक्या-विमुक्त समाजातल्या लेखकांची आत्मकथनं जरूर घ्या, पण हातात स्टेमवाला ग्लास धरून आपण कुणाच्या जगण्यावर बोलतोय हे विसरून चालत नाही. मी तरी त्या महिन्यात बाटली बाजूला ठेवायला सांगते. कुणी म्हणेल हा दांभिकपणा आहे, असेल, पण मला तसं बरं वाटतं आणि चर्चाही जास्त नीट होते.

आता नाटक. मराठी घरात दारू आणि पुस्तक हे दोन शब्द एकत्र आले की गडकऱ्यांचं एकच प्याला आठवणारच. तुमच्याही ग्रुपमध्ये कुणाच्या तरी सासूबाई बातमी कळल्यावर 'सुधाकराचंही असंच सुरू झालं होतं' म्हणतील (सुधाकर म्हणजे दारूपायी उद्ध्वस्त होणारा त्या नाटकाचा नायक), लिहून ठेवा. तर मग तेच घ्या ना एका महिन्याला! भूमिका वाटून वाचायचं. गडकरी १९१९ च्या जानेवारीत गेले आणि नाटक रंगमंचावर आलं ते त्याच्या पुढच्याच महिन्यात, गंधर्व मंडळींनी केलेलं, सुधाकराची बायको सिंधू हिच्या भूमिकेत बालगंधर्व. आज वाचताना सिंधूचा सोशिकपणा आमच्यातल्या बायकांना असह्य होतो, त्यावर भरपूर बोलणं होतं, पण दारुड्या तळीरामाचे प्रवेश आणि ते पिणाऱ्यांचं आर्यमदिरामंडळ अजून इतकं धमाल आहे की वाचणारा मधेच हसायला लागतो आणि दुसऱ्याला पुढचं वाचावं लागतं. आणि हसता हसता ते नाटक जिथे जाऊन पोचतं तिथे ग्लास आपोआप खाली ठेवला जातो. दारूच्या विरोधातलं नाटक वाइनसोबत वाचणं विचित्र आहे का? आहे. म्हणूनच वाचा.

कविता हवी असेल तर माधव जूलियन. फारसीचा गाढा अभ्यास, फारसी-मराठी कोश केलेला माणूस, आणि त्यांनी फारसी कवी उमर खय्यामच्या रुबायांची, म्हणजे चार ओळींच्या कवितांची, मराठी भाषांतरं एकदा नाही तीनदा केली, एक थेट फारसीवरून, आणि द्राक्षकन्या हे फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरून. कवितेचं पुस्तक, वाइनची सुरई आणि भाकरी, एवढ्यात सुख मानणारी ती खय्यामची प्रसिद्ध रुबाई म्हणजे तुमच्या सोसायटीच्या बैठकीचा जाहीरनामाच की. त्यातलीच एक गंमत, १९८० च्या दशकात आपल्या जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फसफसणारी वाइन बनायला लागली, ती परदेशात जायची आणि बाटलीवर नाव असायचं ओमर खय्याम. ती कंपनी पुढे बुडाली, नाहीतर मी तुम्हाला तीच आणायला सांगितली असती.

मग काय आणायचं? नवीन लोक असतील तर शेनिन ब्लांक ही व्हाइट वाइन. नाशिककडे ही द्राक्षं भरपूर होतात, वाइन किंचित गोडसर असते, पहिल्यांदा पिणारा तोंड वाकडं करत नाही आणि जाणकार नाक मुरडत नाही. सॉव्हिन्यो ब्लांक या दुसऱ्या व्हाइटला ढोबळी मिरचीसारखा हिरवा वास येतो, मला आवडतो, पण सगळ्यांना नाही झेपत. आपल्यातल्या खूप जणांची पहिली वाइन म्हणजे गोव्याहून आणलेली गोड पोर्ट, त्यामुळे त्यांना वाटतं वाइन म्हणजे लाल आणि सिरपसारखी, आणि मग शिराजसारखी कडक रेड दिली की 'हे आंबलंय का' विचारतात. त्यांना थेट रेड देऊ नका, आधी रोझे, म्हणजे फिकट गुलाबी वाइन, द्या. रेडच हवी असेल तर नाशिकजवळच्या दिंडोरीकडची शिराज किंवा सोलापूर जिल्ह्यात अकलूजला इटालियन भावांबरोबर मोहिते-पाटलांनी जी वायनरी उभी केली त्यांची सँजोव्हेसे ही इटालियन द्राक्षाची रेड, ही दोन्ही मी पाहुण्यांसमोर न लाजता ठेवते. फार महाग काही आणू नका, बाटली महाग असली की लोक पुस्तकाऐवजी बाटलीचं कौतुक करायला लागतात.

रेड वाइन 'रूम टेंपरेचरला' प्यायची असं जे सगळीकडे लिहिलेलं असतं ते आपल्या रूमचं नाही हो. १६ ते १८ डिग्री म्हणतात ते, आणि एप्रिलमध्ये आपल्या हॉलमध्ये ३४ असतं. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा खुशाल, कुणी काही म्हणालं तर माझं नाव सांगा. व्हाइट ८ ते १० ला, म्हणजे दोन-अडीच तास फ्रीज. बर्फ नको. ग्लास एक तृतीयांश भरायचा म्हणजे वासाला जागा राहते, आणि नसतील वाइनचे ग्लास तर साधे काचेचे चालतात, त्यावाचून कुणाचं अडत नाही. ७५० मिलीच्या बाटलीत बेताचे पाच ग्लास होतात, त्यामुळे सात जणांना दोन बाटल्या खूप झाल्या, तिसरी उघडायचीच नाही असं आधीच ठरवून टाका आणि ती घरातच ठेवू नका. उरलीच तर बूच लावून फ्रीजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवा, नाहीतर स्वयंपाकात.

खायला काय, यावर लोक उगाच चीज-क्रॅकर्सच्या मागे लागतात. कोथिंबीर वडी, कांदा भजी, साबुदाणा वडा, हे शेनिनबरोबर इतकं छान लागतं की काय सांगू, तळलेल्याला ती आंबटगोड चव बरोबर कापते. झणझणीत काही असेल, मिसळ वगैरे, तर रेड टाळा, त्यातल्या तुरटपणाने तिखट अजून चढतं, घसा पेटतो. पुरणपोळीबरोबर वाइन हा हट्ट असेल तर लेट हार्वेस्टवाली, म्हणजे उशिरा तोडलेल्या जास्त पिकल्या द्राक्षांची गोड वाइन बघा, कारण वाइन पदार्थापेक्षा गोड नसली की आंबट पाणी लागते.

टिकवायचं कसं हे विचारलंत त्याबद्दल थोडंच. न पिणाऱ्या माणसाला पाहुणा करू नका, आमच्याकडे तिघं कोकम सरबत घेतात आणि सगळ्यात चांगले मुद्दे त्यांचेच असतात (आणि जाताना गाडी पण तेच चालवतात, बाकीच्यांनी रिक्षा, यावर वाद नाही). पुस्तक निवडायचा मान दर महिन्याला एकाला, मतदान नको, मतदानात नेहमी सगळ्यांना आधीच माहीत असलेलं पुस्तक निवडून येतं. ज्याने निवडलं त्याने त्या दिवशी शेवटी बोलायचं, हा नियम आम्ही खूप उशिरा केला आणि त्याने सगळ्यात जास्त फरक पडला, कारण आधी बोलला की बाकीचे त्याचं मन राखत बसतात. सोसायटीत कुणी कुरकुर करेल, करू दे. २०२२ मध्ये सरकारने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायचं ठरवलं तेव्हा राज्यात केवढा गदारोळ झाला होता आठवतंय ना, त्यामानाने तुमचे सेक्रेटरी काहीच नाहीत.

पुस्तकाच्या सात प्रती कुठून आणायच्या हा शेवटचा अडसर असतो. सगळ्यांनी विकत घ्यायलाच हवी असं नाही. जुन्या शहरांमध्ये वाचनालयं अजून चांगली चालू आहेत, आमचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे, आणि कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ग्रंथ तुमच्या दारी हा उपक्रम तर असल्या ग्रुपसाठीच आहे म्हणा ना, पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे येते, काही महिन्यांनी बदलून दुसरी मिळते, दुबईपर्यंत गेल्यात त्यांच्या पेट्या. आणि जमलं तर फेब्रुवारीच्या शेवटची बैठक नाशिकला करा. द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च चालते, वायनरीत गेलात तर क्रशिंग, म्हणजे द्राक्षं चिरडताना, बघायला मिळेल, आणि २७ तारखेला कुसुमाग्रजांचा वाढदिवस, मराठी भाषा दिन, त्यामुळे गावात काही ना काही कार्यक्रम असतोच. तेवढ्यापुरता तुमचा शनिवार सोडा, वीकेंडला जाऊ नका फक्त, मुंबईच्या गाड्यांनी गंगापूर रोड भरलेला असतो आणि टेस्टिंगला बसायला जागा मिळत नाही.