मोटारसायकलचं इंजिन ऑइल घरी बदलता येतं का? ड्रेन बोल्टचे, म्हणजे जुनं ऑइल काढायच्या इंजिनाखालच्या बोल्टचे, आटे जातील अशी भीती वाटते. आणि कारसाठी आणलेलं ऑइल उरलंय, ते चालेल का?

येतं, आणि जरूर बदला. तुमची भीती अगदीच खोटी नाही, पण ती भलत्या टप्प्यावर अडली आहे. आटे बोल्ट काढताना क्वचित जातात, जातात ते परत आवळताना. आणि कारसाठी आणलेलं ऑइल उरलंय ते चालेल का, असंही तुम्ही विचारलंय, ते आधी निकाली काढू.

नाही चालणार. बहुतेक मोटारसायकलींमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना एकच ऑइल असतं आणि क्लचप्लेटा त्यातच भिजत असतात. कारच्या क्लचचा इंजिन ऑइलशी संबंधच येत नाही, त्यामुळे कारच्या ऑइलमध्ये, खासकरून पातळ ग्रेडमध्ये, घर्षण कमी करणारी रसायनं घातलेली असतात. तुमच्या क्लचला नेमकं घर्षणच हवं असतं. असं ऑइल पडलं की क्लच घसरू लागतो, रेस दिली की इंजिनचा आवाज चढतो पण गाडी ओढत नाही. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' (ऑइलमध्ये भिजणाऱ्या क्लचसाठीच्या जपानी मानकाची खूण) लिहिलेलं बघूनच घ्या. 'एमबी' लिहिलेलं स्कूटरसाठी असतं. ग्रेड, म्हणजे ऑइल किती जाड-पातळ ते सांगणारा आकडा, मॅन्युअलमध्ये दिला असेल तोच घाला. १०डब्ल्यू-३० सांगितलेल्या इंजिनात 'जाड ऑइल चांगलं' म्हणून २०डब्ल्यू-५० ओतलं, तर थंड इंजिन सुरू करताना ते वरपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आणि सर्वात जास्त झीज त्याच वेळी होते.

आता काम. इंजिन तीन-चार मिनिटं चालवून बंद करा आणि थोडा वेळ थांबा. ऑइल कोमट हवं, हात भाजेल इतकं गरम नको. गाडी सपाट जागेवर डबल स्टँडला लावा. वरचं ऑइल भरायचं झाकण आधी सैल करून घ्या. एकतर हवा आत गेली की ऑइल खाली भराभर येतं, आणि झाकण जाम असेल तर ते ऑइल सांडून बसण्याआधीच कळलेलं बरं.

बोल्टला नेमक्या मापाचा गोटी पाना किंवा रिंग पाना लावा. स्क्रू पाना नको, त्याने बोल्टचे कोपरे गोल होतात. दिशेकडे नीट लक्ष द्या. बोल्टच्या डोक्यासमोर तोंड करून पाहिलं तर तो घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो, पण आपण वरून वाकून पाना फिरवत असतो तेव्हा हीच दिशा बरोबर उलटी वाटते. 'बोल्ट फारच घट्ट आहे' म्हणत लोक जोर लावत राहतात आणि तो सुटण्याऐवजी आवळला जात असतो. शंका आली तर खाली बसून, बोल्टकडे पाहून ठरवा. काही गाड्यांना खाली मोठं झाकण असून त्याच्या आत स्प्रिंग आणि जाळी असते. ती निघेल त्या क्रमाने ओळीत मांडून ठेवा, जाळी पेट्रोलने किंवा रॉकेलने धुऊन पूर्ण वाळू द्या.

जुनं ऑइल काळं निघालं म्हणून घाबरू नका, घाण स्वतःत धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. दुधाळ, चहासारखं दिसलं तर मात्र आत पाणी गेलंय. बोल्टवर बारीक राखाडी पीठ दिसलं तर चालतं, धातूच्या चकत्या किंवा तुकडे दिसले तर मेकॅनिकला दाखवा.

फिल्टर असेल तर तोही बदला. त्याची ओ-रिंग (रबरी कडी) नवी घाला आणि फिल्टरची कोणती बाजू बाहेर हवी हे मॅन्युअलमध्ये बघा. उलटा बसला तर ऑइलचा मार्ग अडू शकतो.

आता तुमच्या भीतीचा भाग. बोल्ट स्टीलचा असतो आणि ज्यात तो जातो ते इंजिनचं आवरण ॲल्युमिनियमचं, म्हणजे मऊ. बोल्ट किती आवळला यावर गळती थांबत नाही, ती वायसर थांबवतो. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा तो पातळ वायसर दबून चपटा होतो आणि फट बुजते. एकदा दबलेला वायसर पुन्हा तसा दबत नाही, म्हणून दर वेळी नवा घाला. मग बोल्ट बोटांनीच फिरवा. तो शेवटपर्यंत बोटांनी सहज जायला हवा. पहिल्या एक-दोन वेढ्यांतच अडला तर तिरका लागलाय, पाना न लावता बाहेर काढा आणि पुन्हा सुरुवात करा. टेकला की टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) वापरून मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याइतकाच आवळा. पुष्कळ गाड्यांना तो २० ते ३० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. टॉर्क पाना नसेल तर साधा पाना डोक्याजवळ धरून फक्त मनगटाने आवळा, वायसर दबल्याचं हाताला कळतं. पान्याला पाइप जोडणं किंवा पायाने दाबणं अजिबात नको. आणि समजा आधीच कोणीतरी आटे खराब करून ठेवले असतील, तरी इंजिन वाया जात नाही, मेकॅनिक त्यात हेलिकॉइल (तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी) बसवून नवे आटे करून देतो.

ओतताना मॅन्युअलमधला नेमका आकडा वाचा. तिथे बहुधा दोन-तीन आकडे असतात. नुसतं ऑइल बदलण्याचा वेगळा, फिल्टरसह वेगळा आणि इंजिन पूर्ण उघडल्यावरचा सगळ्यात मोठा. तुमच्यासाठी तो शेवटचा नाही. डबा एक लिटरचा आहे म्हणून सगळा रिकामा करायचा नसतो. जास्त झालेलं ऑइल घुसळून फेसाळतं आणि सीलवर ताण येतो. थोडं कमीच ओता, दोन-तीन मिनिटं इंजिन चालवा, बंद करून पाच मिनिटांनी गाडी सरळ उभी ठेवून मोजा. पुष्कळ गाड्यांत डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) न आवळता नुसती टेकवून मोजतात, तुमच्या गाडीचं मॅन्युअल सांगेल. पातळी दोन खुणांच्या मध्ये आली की पुरे.

वापरलेलं ऑइल त्वचेला चांगलं नाही, म्हणून हातमोजे घाला. ते गटारात किंवा मातीत ओतू नका, जुन्या डब्यात भरून, जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

गाडी फिरवून आणल्यावर बोल्टभोवती ओल दिसली तर लगेच पाना लावू नका. बरेचदा ते ओतताना सांडलेलं ऑइल असतं. कोरडं पुसा, पुन्हा एक चक्कर मारा आणि मग बघा. खरंच गळत असेल तर ऑइल स्वच्छ भांड्यात काढून वायसर बदला, बोल्ट आणखी आवळत बसू नका.